कानफटात बसण्याआधीचं अर्धं पाऊल

«ताई, मी 23 वर्षांचा. मालवणात स्नॉर्केलिंगच्या होडीवर मदतनीस आहे. शाळेत असताना सहा वर्षं कराटे केलं, ब्राऊन बेल्टपर्यंत. मे महिन्याच्या गर्दीत नंबरावरून एका पर्यटकाशी बाचाबाची झाली. तो प्यायलेला होता. तेचो हात खंयसून इलो ता माका कळलाच नाय. मी कराटेतला ब्लॉक घातला, तरी कानफटात बसलीच. तीन आठवडे झाले, डाव्या कानात अजून कुंय्य वाजतं. धक्क्यावरची पोरं मला आता ‘ब्राऊन बेल्ट’ म्हणून हाक मारतात. तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ बघतोय. कुणी म्हणतं बॉक्सिंग, कुणी इस्रायलचं क्राव मागा, कुणी चिनी विंग चुन; मित्र म्हणतो कुस्ती शीक. हुकवर, म्हणजे बाजूने फिरवून मारलेल्या गुद्द्यावर, खरा उपाय कुठल्या विद्येत आहे? कराटे सोडू का? तो माणूस पुन्हा दिसला तर मला तयार असायचं आहे.»

हुकचं नंतर बघू. आधी कान.

तीन आठवडे कान वाजतोय आणि तू अजून डॉक्टरकडे गेला नाहीस, असं पत्रावरून दिसतंय. उद्या जा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेच जा. कानफटात जोराची बसली की कानाच्या नळीतली हवा एकदम आत दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. दुखणं दोन दिवसांत थांबतं, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. मग कापूस घातल्यासारखं ऐकू येतं, शिटी वाजत राहते. लहान भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, पण ते भरलं की नाही हे डॉक्टरने आत डोकावून बघितल्याशिवाय कळत नाही. तोवर कान कोरडा ठेव. घरात कुणी कोमट खोबरेल घालायला निघालं तर नको म्हण. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून बोळा घाल. आणि पाण्यात उतरू नकोस. तुझं काम पाण्यातलं आहे म्हणून हे दोनदा सांगते. फाटक्या पडद्यातून थंड पाणी मधल्या कानात गेलं की एकदम चक्कर येते, आणि पाण्याखाली चक्कर आली की वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. नाक दाबून कान मोकळे करायची तुम्हा लोकांची सवय आहे ना, तीही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

आता तुझा प्रश्न.

तुला वाटतंय तुझा ब्लॉक चुकला, किंवा कराटेच चुकलं. मला वाटतं, ज्या गुद्द्यासाठी तो ब्लॉक शिकवला होता, तो गुद्दा त्या दिवशी आलाच नाही. वर्गात समोरचा सरळ गुद्दा घेऊन येतो, ठरलेल्या अंतरावरून येतो, आणि तुझा हात लागला की थांबतो. सहा वर्षांत तू तो ब्लॉक हजारो वेळा घातला असशील आणि त्यातला प्रत्येक गुद्दा समोरून आला असेल. हुक बाजूने येतो. कोपर जवळजवळ काटकोनात वाकलेलं असतं, हात नजरेच्या कडेबाहेरून फिरतो, आणि ताकद हाताची नसते. पाय, कंबर आणि खांदा मिळून त्याला फिरवतात. म्हणून तुला हात ‘खंयसून’ आला ते कळलं नाही. कुणालाच सहसा कळत नाही. जबड्यावर किंवा कानशिलावर बसलेल्या हुकने माणूस कोसळतो तोही याचमुळे: डोकं झटक्यात फिरतं, आतला मेंदू त्या वेगाने फिरू शकत नाही, आणि क्षणभर दिवा विझतो. तू उभा राहिलास. धक्क्यावरच्या पोरांना हे सांगायची गरज नाही, पण तू स्वतः लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट वाकलेल्या कोपराची. जातं आठव. खुंटा धरून फिरवताना हात केवढा मोठा फेरा घेतो, पण मधला खिळा जागचा हलत नाही. हुकचं तेच आहे. मूठ म्हणजे खुंटा, खांदा म्हणजे खिळा. तू तुझा हात त्याच्या मनगटाजवळ घातलास. तिथे वेग सगळ्यात जास्त, आणि तिथे अडवलं तरी कोपर वाकलेलं असल्यामुळे मूठ तुझ्या हाताला वळसा घालून कानापर्यंत पोचतेच. तोच हात त्याच्या दंडाजवळ किंवा खांद्यापुढे पडला असता तर फेरा सुरू होतानाच अडला असता. पण दंडाजवळ पोचायचं म्हणजे पुढे जायला हवं, आणि गुद्दा येताना पुढे जाणं शरीराला पटत नाही. ते मागे ओढतं. तूही अर्धा मागे गेला असशील, मी पैज लावते. अर्धं मागे गेलेला माणूस नेमका फेऱ्याच्या टोकाशी उभा असतो, जिथे मार सगळ्यात जास्त लागतो.

तुमच्याकडे होडी बाहेर काढताना लाट आली तर काय करतात, हे मी तुला सांगायला नको. आडवी घेतली तर उलटते. एक तर लाट फुटायच्या जागेपासून लांब राहायचं, नाहीतर होडीचं तोंड सरळ लाटेत घालायचं. मधलं काही चालत नाही. हुकचंही असंच आहे: पूर्ण बाहेर, नाहीतर पूर्ण आत.

एवढं मनात ठेवून तू व्हिडिओ पुन्हा बघ. तुला दिसेल की चांगल्या शिक्षकांच्या हातात बहुतेक सगळ्या विद्या हीच गोष्ट करताहेत, नावं वेगळी आहेत.

बॉक्सिंगपासून सुरू करते, कारण हुकची सगळ्यात जास्त सवय त्यांना आहे. मी 31 वर्षांची असताना मुंबईत एका बॉक्सिंगच्या जिममध्ये जाऊ लागले. कराटेत ब्लॅक बेल्ट होऊन सात वर्षं झाली होती. पहिल्याच महिन्यात माझ्यासमोर अठरा वर्षांची एक मुलगी उभी केली, माझ्यापेक्षा हातभर बुटकी. तिने दोन हलके सरळ गुद्दे टाकले, मी ते व्यवस्थित बाजूला सारले. तिसऱ्या वेळी तिचा डावा खांदा किंचित खाली गेला आणि टाच बाहेर वळली. मी टाच बघत होते. माझा उजवा हात ब्लॉकसाठी बाहेर निघाला, आणि तिचा डावा हुक त्या मोकळ्या जागेतून गालावर बसला. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत प्रशिक्षकांनी माझा हात धरला, पंजा कानाच्या वर डोक्याला चिकटवला आणि म्हणाले, “मॅडम, हात पाठवू नका कुठे. घरी ठेवा.” मी तसा ठेवला. हुक आला, माझ्या हातावर आदळला, डोकं हललं पण दुखलं नाही. आणि तो आदळला तेव्हा ती माझ्या पुढ्यात उघडी होती, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

बॉक्सिंगमध्ये हुकला उत्तरं बरीच आहेत. हात डोक्याला चिकटवून झाकून घेणं, गुडघे वाकवून खालून पलीकडे निघणं, एक पाऊल मागे सरून हुक रिकामा जाऊ देणं, नाहीतर त्याचा फेरा पूर्ण व्हायच्या आत आपला सरळ गुद्दा पोचवणं; सरळ वाट नेहमी जवळची. रिंगमध्ये खालून निघणं फार देखणं दिसतं. तुला मात्र ते मी शिकवणार नाही. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, शेवाळ असतं, पायात स्लिपर असते, आणि दारू प्यायलेल्याचा हात कुठल्या उंचीवरून येईल हे त्यालाही ठाऊक नसतं. तू खाली वाकलास आणि त्याने गुडघा उचलला तर संपलं. झाकून घेणं मात्र तसंच्या तसं उचल. एक फरक लक्षात ठेव: त्यांच्या हातात जाड ग्लोव्ह असतो, तुझ्या हातात नाही. उघडा पंजा कानाजवळ सैल धरलास तर त्याचा गुद्दा तुझाच हात तुझ्या कानावर आपटेल. केस मागे सारताना हात जसा डोक्यावरून जातो तसा तो घट्ट चिकटव, बोटं मागच्या बाजूला, कोपर पुढे आणि आत. मार पंजावर येऊ देऊ नको, तो दंडावर आणि हातावर घ्यायचा आहे. हनुवटी खाली.

थाई बॉक्सिंगमध्येही हेच झाकणं आहे, फक्त कोपर जरा जास्त टोकदार पुढे येतं, त्यामुळे मारणाऱ्याची मूठच कोपरावर फुटायची शक्यता असते. त्यांची खरी ताकद त्यानंतरच्या मिठीत आहे: मान धरून आत राहणं. हे तुझ्या कामाचं.

क्राव मागाचं नावही तुझ्या पत्रात आहे. ती विद्या उभी करणारे इमी लिख्तेनफेल्ड स्वतः बॉक्सर आणि कुस्तीगीर होते, हे त्यात दिसतं. बाहेरून येणाऱ्या हाताला आपल्या हाताची बाहेरची बाजू द्यायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने मारत पुढे घुसायचं, ही त्यांची पद्धत लांबून फिरवलेल्या गुद्द्यावर खरंच चांगली चालते. तुझ्यावर आलेला गुद्दा बहुधा तसाच होता. दचकल्यावर हात आपोआप वर जातात, त्याचाच त्यांनी उपयोग करून घेतला आहे, हे मला आवडतं. पण हुक जवळून आणि आखूड आला, तर पसरलेला हात त्याला सापडत नाही; तो आतून येतो. तिथे पुन्हा झाकणंच लागतं.

विंग चुनमध्ये एक हात बाहेर पसरून दुसरा सरळ छातीकडे टाकतात. विचार अगदी बरोबर: वर्तुळाला सरळ रेषेने उत्तर. पण पाऊल आत गेलं नाही तर तो पसरलेला हात वजनदार हुकखाली मोडून पडतो. आयकिडोत बाजूने येणाऱ्या वाराला आत शिरून फिरवून पाडतात, तिथेही आत शिरणंच मोलाचं. मनगट पकडायच्या मागे मात्र लागू नकोस, फिरत्या हाताचं मनगट हवेत पकडणं जवळजवळ अशक्य. तायक्वांदोची मुलं तुला याबाबतीत फार मदत करू शकणार नाहीत, कारण त्यांच्या ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत डोक्यावर हाताने मारायला परवानगीच नाही. ज्याची सवय नाही त्याचं उत्तर कुठून येणार? पाय मात्र लांब ठेवायला कामाचे.

आणि तुझं कराटे. ब्लॉकला तिथे ‘उके’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘अडवणं’ नाही, ‘घेणं’ आहे, ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ येणारी गोष्ट स्वीकारणं. गोजू-र्यू या कराटेच्या शाखेतला मावाशी-उके, म्हणजे हात गोल फिरवून करायचा ब्लॉक, हळू करून बघ. एक हात डोक्याजवळून वर जातो, दुसरा खालून पुढे. त्यातला वर जाणारा हात कानाजवळ थांबव आणि एक पाऊल आत टाक. बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांनी माझा हात जिथे ठेवला होता तो तिथेच पोचतो. सगळं आधीपासून होतं. आपण ते हवेत केलं, कुणी खरा हात फिरवलाच नाही. स्पर्धेतही गुण बहुतेक सरळ गुद्द्यांना मिळतात, म्हणून शाळेत हुक फारसा कुणी मारतच नाही. तेव्हा कराटे सोडू नकोस. तुझे पाय, तुझा तोल, तुझी कंबर सहा वर्षांत तयार झाली आहे. ते फेकून नव्याने सुरुवात करायला मी सांगणार नाही.

मित्र कुस्ती म्हणतो, तो निम्मा बरोबर आहे. हुकला जागा लागते. छातीला छाती भिडली की फेऱ्याला जागाच उरत नाही. 1993 मध्ये अमेरिकेत यूएफसी ही वेगवेगळ्या विद्यांच्या लढवय्यांची पहिली स्पर्धा झाली तेव्हा सडपातळ रॉयस ग्रेसी ठोसे मारणाऱ्यांना चिकटला आणि जमिनीवर नेऊन जिंकला, ते याच जोरावर. झाकून आत गेलास की त्याची कंबर किंवा त्याचा मारणारा दंड कवेत घे, डोकं त्याच्या छातीला लाव, आणि धरून ठेव. आता तो तुझ्या पाठीवर धपाटे मारेल. मारू दे. तोवर तुझे होडीवरचे चार लोक पोचतात. रापणीचं जाळं ओढताना दोर कसा अंगाला लावून, गुडघे वाकवून, मागे झुकून धरतात, तेच बळ इथे लागतं आणि ते तुमच्या भागातल्या पोरांकडे असतं.

निम्मा बरोबर म्हटलं, कारण पट काढून त्याला आपटू नकोस. तालमीत खाली माती असते. तुमच्याकडे खाली जांभा, काँक्रीट, होडीची कड. एका गुद्द्याने मेलेल्या माणसांत बरेच जण गुद्द्याने मेलेले नसतात. ते पडून डोकं आपटल्याने गेलेले असतात. प्यायलेला माणूस पडताना स्वतःला सावरतही नाही. हे मी नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. तुला आयुष्यभर पुरेल असं ओझं एका क्षणात अंगावर येतं.

मूठ वळून तोंडावर मारायचीही घाई नको. ग्लोव्हशिवाय मुठीने डोक्यावर मारलं की करंगळीमागचं हाड मोडू शकतं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. दाताने बोटाच्या सांध्यावर बारीक कापलं तरी तो सांधा सडू शकतो. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. मारायलाच लागलं तर पंजाच्या टाचेने, आणि मारून लगेच बाजूला.

आता कुठली विद्या शिकू, यावर माझं उत्तर. विद्या बघू नकोस, वर्ग बघ. तुमच्याकडे दशावतारात युद्ध लागतं, झांजेच्या तालावर दोघं गरगर फिरतात, तलवारीला तलवार लागते. बघायला बहार येते, कारण दोघांनाही पुढचा वार ठाऊक असतो. व्हिडिओतला हुक तसाच आहे. मारणारा हात हवेत ठेवून थांबतो आणि शिक्षक त्यावर चार डाव करून दाखवतात. दशावतारी नटाला ते नाटक आहे हे माहीत असतं. व्हिडिओ बघणाऱ्याला ते माहीत नसतं. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जुन्या जपानी जुजुत्सूमधले घातक डाव रांदोरीतून, म्हणजे मोकळ्या झोंबीतून, बाजूला ठेवले. कमी शिकवलं असं वाटेल, पण त्यामुळे उरलेले डाव मुलं रोज पूर्ण ताकदीने, न ठरवता करू शकली. दोन-तीनच गोष्टी, पण खऱ्या विरोधासमोर. ज्या वर्गात समोरचा कधीतरी खरंच चुकवायचा प्रयत्न करतो, हात थांबवत नाही, वेग हळूहळू वाढवतो, डोक्यावर हेडगार्ड आणि तोंडात माउथगार्ड असतो, आणि दुखलं म्हटल्यावर शिक्षक लगेच थांबवतात, तिथे जा. त्यावर पाटी कराटेची असो नाहीतर बॉक्सिंगची. डोक्यावर जोरजोरात मारून घेणं म्हणजे तयारी, असं सांगणाऱ्याकडे जाऊ नकोस.

एकच उत्तर शीक, असंही सांगते. दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात, आणि निवडायला पर्याय जितके जास्त तितका वेळ वाढतो. चार विद्यांचे चार बचाव डोक्यात घेऊन उभा राहिलास तर चारही पोचणार नाहीत.

कान बरा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले की पावसाळ्यात, काम बंद असताना, भावाला किंवा मित्राला घेऊन पडवीत हे कर. त्याच्या हाताला फोम बांधायचा, बाद झालेल्या लाइफ जॅकेटमधला चालेल. पहिला आठवडा त्याने उजवा हात हळू, बाजूने, तुझ्या डोक्याकडे आणायचा. तू डावा हात केसांवरून नेल्यासारखा चिकटवायचा आणि त्याच वेळी डावा पाय अर्धं पाऊल आत. हात आणि पाय एकदम. आधी हात मग पाय असं होत असेल तर वेग कमी करा. दुसऱ्या आठवड्यात डावा की उजवा हे त्याने सांगायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात झाकल्याबरोबर कंबर धरायची, आणि त्याने सुटायचा प्रयत्न करायचा. रोज दहा मिनिटं पुरे. एक दिवस असा येईल की त्याने बोलता बोलता, चहाचा कप ठेवताना हात फिरवला आणि तुझा हात आपोआप डोक्यावर गेला. तेव्हा झालं म्हणायचं.

हे सगळं झालं तरी सगळ्यात स्वस्त बचाव त्याच्या आधीचा आहे. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: ‘हात खंयसून इलो ता माका कळलाच नाय.’ हात जागचा निघाला तेव्हा कळत नाही, पण त्याआधी खांदा सांगतो. बोलता बोलता माणूस एकदम गप्प होतो. एक पाय मागे टाकतो, मारणारा हात मांडीमागे जातो, खांदा मागे खेचला जातो, हनुवटी वर येते, नजर तुझ्या डोळ्यांवरून जबड्यावर उतरते. हे दिसलं की बोलणं संपलेलं असतं. त्याआधीच दोन्ही पंजे उघडे, छातीच्या उंचीवर, समोर धर, आपण “ओ साहेब, थांबा, ऐका जरा” म्हणताना धरतो तसे. लोकांना ती विनवणी दिसते, तुझे हात मात्र अर्ध्या वाटेवर पोचलेले असतात. त्याचा हात पोचणार नाही एवढं अंतर ठेव. मध्ये जॅकेटांचा ढीग, टेबल, होडीची कड, काहीतरी असू दे. मागे पाणी किंवा पायऱ्या ठेवू नकोस. आणि आवाज मोठा ठेव; चार लोक वळून बघताहेत हे कळलं की बऱ्याच जणांचा हात खाली येतो.

नंबरावरून सुरू झालं होतं ना? पैसे परत दे आणि त्याला लांब जाऊ दे. त्या फेरीचे पैसे गेले तरी चालतील.

कायद्याचंही थोडं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क आहे. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागेल तेवढंच. तो पडला, वळला, पळाला आणि धोका टळला की तुझा हक्क तिथे संपला. हाड किंवा दात मोडला तर ती गंभीर दुखापत धरली जाते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. झाकून धरून ठेवणाऱ्या माणसाला पोलिसांपुढे उभं राहणं सोपं जातं. फोन 112. मार लागलेल्या कुणालाही, अगदी मारणाऱ्यालाही, उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा नाका-कानातून पाणी दिसलं तर 108. सुरुवातीला बरा दिसतो म्हणून घरी झोपायला पाठवू नका.

शेवटी तुझं ते वाक्य, तो पुन्हा दिसला तर तयार असायचं आहे. मी ते दोन-तीनदा वाचलं. चार लोकांदेखत कानफटात बसली की तो कान महिनोन्‌महिने जळतो, हे मला माहीत आहे. तू त्याच्यासाठी तयारी केलीस तर तो नसताना, रात्री अंथरुणात, तू रोज त्याच्याशी भांडत राहशील. आताही व्हिडिओ बघत तेच करतो आहेस. आणि खरोखर दिसलाच तर पहिला हात तुझा असेल. बचावाचं एकही कलम मग तुझ्या बाजूने उरणार नाही. तू त्या दिवशी त्याच्यावर हात उचलला नाहीस, आणि उभा राहिलास. ‘ब्राऊन बेल्ट’ म्हणणाऱ्या पोरांपैकी दोघांना पडवीत बोलव आणि फोम बांधून तुझ्यावर हात फिरवायला सांग. मग त्यांची पाळी. पहिल्या दिवशी तिघांनाही बसेल.

कान दाखवलास की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. आणि फोम काढायचा तो खरोखर बाद झालेल्या जॅकेटचाच. मालकाला विचारून घे, आणि होडीवरच्या चालू जॅकेटांतलं एकही कमी करू नकोस.